बिनवासाचा पाला

१

चाळीसच्या चाळीस उशा परत आल्या होत्या.

धुळ्याहून आलेला खोका हसीनाबीने जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर उघडला. उशा तळहाताएवढ्या, रंगीत चिंध्यांच्या, आत कापूस आणि मांजरपाला भरलेल्या. शहरातली पोरं त्या पाल्याला कॅटनिप म्हणतात. पुदिन्याच्या कुळातलं झाड. त्याचा वाळवलेला पाला हुंगला की दहातल्या सहा-सात मांजरी भान हरपून लोळतात, उशीला मिठी मारतात, मागच्या पायांनी लाथा झाडतात.

उशांवर एक छापील कागद होता. ‘मी, हसीनाबी कय्युम पिंजारी, मांजरपाल्याच्या नावाखाली साधं गवत भरून विकलं याबद्दल सर्व मांजरप्रेमींची...’

पुढचं तिने वाचलंच नाही. कागद उलटा करून तिने शिलाईच्या मशीनखाली सरकवला आणि धुळ्याला फोन लावला.

रूपल जैनचं धुळ्यात पाळीव प्राण्यांच्या सामानाचं दुकान होतं. फोन उचलताच ती म्हणाली, “हसीनाबी, व्हिडिओ बघितला का? एकोणीस मांजरी आणल्या होत्या लोकांनी. एकीनेही तुमच्या उशीला नाक लावलं नाही. मेच्या सुरुवातीला आमचा जिनेश तुमच्याकडून मूठभर नमुना घेऊन आला, तेव्हा याच मांजरींनी दुकान डोक्यावर घेतलं होतं. नमुना एक आणि माल दुसरा, असंच झालं ना हे?”

“असं झालेलं नाही.”

“मग कसं झालं? रविवारी इथे मांजरांचा मेळावा आहे. तिथे तो कागद वाचून दाखवा, विषय संपेल.”

“आणि नाही वाचला तर?”

“तर मला तुमचं नाव घेऊन सांगावं लागेल. मलाही दुकान चालवायचंय.” मग आवाज थोडा मऊ करून ती म्हणाली, “तुम्हाला वास येत नाही हे मला माहीत आहे. चुकून दुसरं काही भरलं गेलं असेल. वय झालं की होतं.”

करोनाच्या दुसऱ्या लाटेत हसीनाबी तापाने पडली होती. ती उठली, पण नाकातला वास गेला तो गेलाच. तिचा नवरा कय्युम त्याच लाटेत वारला. चाळीस वर्षं त्याने कापूस पिंजला होता, गाद्या भरल्या होत्या. त्याच्या मागे उरलेल्या कापसातून आणि चिंध्यांतून तिने या उशा काढल्या होत्या.

“रूपलबेन,” ती म्हणाली, “नाव घ्याल तेव्हा पूर्ण घ्या. हसीनाबी कय्युम पिंजारी. रविवारी मी येणार आहे. कागद वाचायला मात्र नाही.”

फोन ठेवून तिने एक उशी उसवली आणि पाला तळहातावर चोळला. पान बदामी आकाराचं, कडेला दातेरी. मधे सापडलेली काडी चौकोनी. पाला तोच होता, यात तिला तीळभर शंका नव्हती. तिने हात आपल्या पिवळ्या बोक्यापुढे, लड्डनपुढे धरला.

मार्चमध्ये याच पाल्यासाठी लड्डनने तिची ओढणी फाडली होती. आज त्याने हात हुंगला, जांभई दिली आणि रिकाम्या खोक्यात जाऊन बसला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती असोद्याला गेली. पाला तिथून यायचा.

भिकुबाईच्या मळ्यात केळीच्या सावलीला दोन वाफे होते. थंडीत रोप वाढायचं, फेब्रुवारी संपता संपता जांभळट तुरे धरायचं, आणि तुरे उमलता उमलता भिकुबाई ते कापायची. जुड्या बांधून मागच्या अंधाऱ्या खोलीत आढ्याला उलट्या टांगायची. ऊन लागू द्यायचं नाही, वारा मात्र खेळता ठेवायचा. पान बोटात कुरकुरलं की काड्या वेगळ्या करून पाला पोत्यात. हे सगळं हसीनाबीनेच तिला शिकवलं होतं, आणि आता भिकुबाई ते तिच्यापेक्षा नीट करायची.

“गवत?” भिकुबाई ओरडलीच. “माह्या हातानं कापेल पाला गवत व्हय? पोतं रिक्षात घालत व्हती तव्हा माह्या दोन्ही मांजरी रिक्षात चढल्या व्हत्या. इचार त्या रिक्षावाल्याला!”

“मला माहीत आहे गं. लोकांना दाखवायचं आहे. त्याच कापणीतलं काही उरलंय?”

भिकुबाईने स्टूल घेतलं आणि आढ्याच्या कोपऱ्यातून तीन जुड्या काढल्या. मांजरींची आवड म्हणून ठेवलेल्या. एक जुडी जमिनीला टेकते न टेकते तोच चुलीमागून एक पांढरी मांजर आली आणि जुडीवर अशी आडवी झाली की भिकुबाईला तिला उचलून बाहेर टाकावं लागलं.

म्हणजे पाला असोद्यात चांगला होता. पिंप्राळ्यात आला तेव्हाही चांगला होता. लड्डनने साक्ष दिली होती. मग तो पत्र्याच्या कोठीत गेला आणि जूनमध्ये तिने त्याच कोठीतून उशा भरल्या.

घरी परतताना जिन्यात पितांबर सर भेटले. वरच्या मजल्यावर ते अकरा वर्षं भाड्याने राहत होते. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होते, पण सगळी गल्ली त्यांना सरच म्हणायची.

“भाभी, ऐकलं मी,” ते हळहळले. “मी सांगतो काय झालं ते. यंदा पारा सेहेचाळीसवर गेला होता. पत्र्याच्या कोठीत भट्टीच झाली असणार. उडून गेला वास. तुमची चूक नाही यात. लिहून द्या दोन ओळी आणि मोकळ्या व्हा.”

पटण्यासारखं होतं. हसीनाबी आत आली, कोठीपाशी उभी राहिली आणि तिला काहीतरी आठवलं. कोठीच्या वरच फळीवर गोधड्यांचं गाठोडं होतं. कसर लागू नये म्हणून मार्चमध्येच तिने याच पाल्याची एक पुरचुंडी त्यात खुपसली होती. तोच पाला, तीच खोली, तोच उन्हाळा.

तिने पुरचुंडी काढून जमिनीवर टाकली.

लड्डन खोक्यातून उडी मारून आला. पुरचुंडी छातीशी धरून तो फरशीवर गडागडा लोळला आणि पलंगाखाली घेऊन पळाला.

उन्हाने काही केलेलं नव्हतं. जे केलं ते कोणीतरी माणसाने केलं होतं.

३

कोणी?

मे महिन्यात दहा दिवस ती घरी नव्हती. मुलीचं, हुमाचं, मुक्ताईनगरला बाळंतपण होतं. त्या दहा दिवसांत या घरात तीन माणसं येऊन गेली होती.

पहिल्याच दिवशी रूपलचा दीर जिनेश आला होता. घराची एक चावी पितांबर सरांकडे होती, लड्डनला दूध घालायला. त्यांनीच दार उघडून जिनेशला मूठभर पाला दिला. तो पाला धुळ्यात गाजला, म्हणूनच चाळीस उशांची मागणी आली. म्हणजे जिनेश निघाला तेव्हा कोठीतला पाला जिवंत होता. जिनेश सुटला.

शेवटचे तीन दिवस महेक राहून गेली होती. महेक हसीनाबीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. धुळ्याला होस्टेलवर राहून औषधशास्त्र शिकत होती. तिच्याकडे दुसरी चावी.

आणि मधले दिवस, सर.

संध्याकाळी रूपलचा फोन आला. हसीनाबीने पुरचुंडीची हकिगत सांगितली.

“बरं, मान्य की कोणीतरी हात लावला. पण हसीनाबी, वाईट वाटून घेऊ नका. तुमची भाची फार्मसीला आहे. गेल्या महिन्यात दुकानात आली होती ती. या पाल्याच्या तेलाने डास पळतात, कंपन्या त्यावर काम करतात, असं सांगत होती. वासाचं तेल काढता येतं हे तुमच्या घरात अजून कोणाला ठाऊक आहे?”

हसीनाबीने फोन ठेवला. बुधवारपर्यंत ते गल्लीतही पोचलं; ओट्याओट्यावर महेकचंच नाव होतं.

गुरुवारी महेक आली. खालाच्या मदतीला म्हणून कॉलेज बुडवून आली होती. ती अंघोळीला गेली आणि दप्तर खुर्चीवरून खाली पडलं. वह्या उचलताना हसीनाबीच्या हाताला बोटभर उंचीची काचेची बाटली लागली. आत पिवळसर तेल होतं. चिठ्ठीवर महेकचंच अक्षर.

दार उघडलं. महेक ओल्या केसांनी उभी होती आणि तिची नजर बाटलीवर होती.

“खाला,” ती म्हणाली, “तुम्हीसुद्धा?”

४

“पुदिन्याचं आहे,” महेक म्हणाली. “प्रोजेक्ट आहे माझं. वाचा ना चिठ्ठी. हुंगून बघा म्हणाले असते, पण...” आणि तिथे तिला रडू फुटलं.

हसीनाबीने चिठ्ठी वाचली. पुदिना, तारीख जुलैची. पण चिठ्ठी काय, कोणीही लिहील. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच चीड आली. परवा कोणीतरी तिला न तपासता खोटं ठरवलं होतं. आज ती तेच करत होती.

“बस,” ती म्हणाली. “रडू नको. मी अजून काही म्हटलेलं नाही, आणि पुरतं कळल्याशिवाय म्हणणारही नाही. चहा घे.”

चहा उकळला, तिने गाळला. गाळणी मोरीत उपडी करताना तिचा हात थांबला. गाळणीत चहाची पत्ती होती. पत्तीच होती ती, दाणा न दाणा जागेवर. वाळवून डब्यात भरली तर दिसायला चहाच दिसेल. फक्त चहा त्यात उरलेला नव्हता.

“चोथा,” ती मोठ्याने म्हणाली.

“काय?”

“माझ्या उशांत मी चोथा भरलाय, महेक. कोणीतरी पाला पाण्यात उकळला, त्यातलं तेल काढून घेतलं, आणि चोथा वाळवून परत कोठीत टाकला. चोरी झाली आणि घरातलं काहीच गेलं नाही!”

ती कोठीकडे धावली. उजेडात धरल्यावर पाला काळपट दिसला. जूनमध्येही दिसला होता; तेव्हा तिला वाटलं, उन्हाने. तेव्हा उशा भरताना लड्डन शेजारी घोरत पडला होता, तेही तिने उन्हावरच ढकललं होतं. तिने चिमूटभर पाला जिभेवर ठेवला. मग पलंगाखालून पुरचुंडी ओढली आणि त्यातला ठेवला.

नाक गेलं होतं, जीभ नव्हती गेली. कडू, तुरट, खारट तिला स्वच्छ कळायचं.

पुरचुंडीतला पाला कडू होता. कोठीतला कडू नव्हता. तो खारट होता. पानांवर बारीक पांढरा थर होता, नळाच्या तोटीवर बसतो तसा.

“महेक, तुमच्या प्रयोगशाळेत तेल काढायला कोणतं पाणी वापरतात?”

“डिस्टिल्ड. त्यात क्षार नसतो.”

“आणि मे महिन्यात तू इथे राहिलीस तेव्हा?”

“हेच, पिंपातलं. नळाचं.”

नळाचं पाणी गोडं होतं. एक दिवसाआड यायचं आणि तळमजल्यावर पिंपं भरून ठेवावी लागायची. भिकुबाईच्या विहिरीचं पाणीही गोडं, नाहीतर केळी जगल्या नसत्या. खारं पाणी या घरात एकाच ठिकाणी होतं. बोअरिंगचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि तिथून वरच्या मजल्याच्या नळांना उतरायचं. हातात गोडं पाणी असताना महेक ते आणायला कशाला वर जाईल?

हसीनाबीने लड्डनला काखोटीला मारलं.

“चल,” ती भाचीला म्हणाली. “सरांकडे पाणी प्यायला जाऊ.”

५

पितांबर सर वर्तमानपत्र वाचत होते.

“सर, तहान लागलीय. नळाचंच द्या.”

“नळाचं? अहो, खारं आहे ते. जारचं देतो ना.”

“खारं आहे खरं,” हसीनाबी म्हणाली. “माझ्या पाल्याला अजून त्याची चव आहे.”

सरांचं वर्तमानपत्र खाली आलं. हसीनाबी उभीच राहिली. तिने एकेक करून सगळं सांगितलं: असोद्याची जुडी, गाठोड्यातली पुरचुंडी, जिनेशने नेलेली मूठ, चहाचा चोथा, पानावरचा क्षार. सर ऐकत होते. मध्येच त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला.

“भाभी, खारं पाणी अर्ध्या जळगावात आहे. यावरून तुम्ही मला...”

“तुमचा मोठा कुकर बघू.”

ते उठले नाहीत. महेक स्वयंपाकघरात गेली आणि पाच लिटरचा कुकर घेऊन आली. शिट्टीच्या जागी नळी बसवल्याचा काळा वळ झाकणावर दिसत होता. तिने झाकणाची रबरी रिंग काढून हातात धरली. इतक्यात लड्डनने हसीनाबीच्या काखेतून उडी घेतली. रबर वास धरून ठेवतं, कितीही घासलं तरी. लड्डनने ती रिंग हिसकावली, गळ्यात अडकवून घेतली आणि सरांच्या पायाशी पाठीवर लोळायला लागला.

बोका एकटाच गुरगुरत होता.

“पंधरा मिली निघालं,” सर शेवटी म्हणाले. “सहा दिवस लागले. रोज दोन घाणे. डासांवर उत्तम चालतं, भाभी. मी स्वतः हाताला लावून गॅलरीत बसलो. एका कंपनीला नमुना पाठवलाय. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या नळ्या धुतल्या. एक गोष्ट माझ्या नावावर व्हावी एवढंच होतं.”

“मग मागायचा होता पाला.”

“तुम्ही दिला नसता.”

“मागून पाहिलं होतं?”

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“अकरा वर्षांत मी तुम्हाला ईदचा शीरखुर्मा न मागता दिला. मूठभर पाला मागून मिळाला नसता?” तिचा आवाज चढला नाही. “शिवाय चोथा परत कोठीत आणून टाकलात. का? तर हिला वास येत नाही, हिला काय कळणार. आणि मांजरी बोलत नाहीत. परवा जिन्यात मला सांगत होतात, लिहून द्या म्हणून. आणि काल गल्लीत सगळे या पोरीचं नाव घेत होते, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून ऐकत होतात.”

“चुकलं माझं. बाटली घ्या. मी खोलीही सोडतो.”

“बाटली ठेवा. खोली सोडायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. रविवारी मात्र धुळ्याला यायचं. मला जिथे खोटं म्हटलं गेलं, तिथेच उभं राहून हे सांगायचं.”

“भाभी, या वयात चारचौघांत... माझा मान...”

“माझा काय होता मग?” हसीनाबी म्हणाली. “सकाळी सातची बस आहे.”

जिना उतरताना महेकने हळूच विचारलं, “खाला, ते येतील?”

“रविवारी कळेल,” हसीनाबी म्हणाली.

६

रविवारी पावणेसातला ती आणि महेक स्टँडवर पोचल्या. हसीनाबीच्या पिशवीत भिकुबाईने दिलेल्या तीन जुड्यांतल्या दोन आणि तिसरीच्या पाल्याने रात्रीतून भरलेल्या सहा उशा होत्या. सात वाजले. कंडक्टरने दार ओढायला घेतलं तेव्हा पितांबर सर इस्त्रीचा शर्ट घालून चढले आणि थेट सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसले.

धुळ्यातल्या मंगल कार्यालयात टोपल्यांतून, पिंजऱ्यांतून, कुणाच्या खांद्यावरून मांजरी आल्या होत्या. रूपलने हसीनाबीला बघितलं आणि माईक पुढे केला.

“हे सर आधी बोलतील,” हसीनाबी म्हणाली.

सरांनी माईक धरला. आधी एकदा दाराकडे बघितलं. मग मात्र ते प्रयोगवहीतलं वाचल्यासारखं बोलले: काय घेतलं, कसं उकळलं, काय परत ठेवलं. शेवटी म्हणाले, “बाईंचा माल खरा होता. तो खोटा मी केला. त्यांच्या भाचीचा यात काहीही संबंध नाही.” आणि माईक टेबलावर ठेवून ते बाहेर, दारापाशी जाऊन उभे राहिले.

हसीनाबीने सहा उशा सतरंजीवर टाकल्या. सर्वांत आधी एक राखाडी मांजर टोपलीतून बाहेर आली. मग दोन. मग मालकांच्या हातातून निसटून एकदम आठ-दहा. एकीने उशी पळवली, दुसरीने तिच्यावर झडप घातली, एक जाडजूड इराणी मांजर तोंड वर करून पालथी-उताणी होत राहिली. लोक हसत सुटले, फोन वर गेले.

रूपल जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. “हसीनाबी, मी न विचारता बोलले. महेकबद्दलही बोलले. तो जुना व्हिडिओ आत्ता काढून टाकते.”

“काढू नका.”

“म्हणजे?”

“राहू द्या तो. त्याच्या शेजारी हा आजचा टाका, सर बोलले तेही टाका. मी कधी खोटी ठरले होते आणि कशी खरी ठरले, दोन्ही बघू दे लोकांना. आणि महेकबद्दल जे बोललात त्याची माफी माझ्याकडे मागू नका. ती तिथे उभी आहे.”

रूपल ओढणी सावरत महेककडे गेली. ती काय बोलली ते गलक्यात ऐकू आलं नाही, पण महेकने आधी मान फिरवली आणि बऱ्याच वेळाने होकारार्थी हलवली, एवढं हसीनाबीला दिसलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि असोद्याला फोन लावला.

“भिकुबाई, यंदा थंडीला दोन वाफे जास्त घाल.”

“आन धुळेवाल्यायनं उश्या घेतल्या न्हाई तं?”

“नाही घेतल्या तर नाही घेतल्या. आपल्या मांजरी लोळतील.”

पलीकडून भिकुबाईचं खळखळून हसणं आलं. “मंग दोन कायले,” ती म्हणाली, “चार घालू.”